बाबांच्या नळाचं फडकं

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बाटलीताई म्हणतात. विहिरीचं, बोअरचं पाणी पिण्याजोगं आहे की नाही, हे तपासायचं त्यांचं काम. त्यात बाईंचा जीव असा रमतो की काही विचारू नका! नळीतल्या पाण्याचा रंग बदलला की टाळ्या वाजवतात. नोकरीत केस पांढरे झाले, पण हौस काही फिटली नाही.

त्या दिवशी तर वडिलांच्याच बोअरचं पाणी आलं होतं. गल्लीतल्या घराघरांत त्याच बोअरचे नळ. पाणी नापास झालं तर पंपाला कुलूप, आणि उन्हात उभं राहून बोअर खोदून घेतलेल्या वडिलांची मान खाली. नायट्रेट ठीक, फ्लोराइड ठीक, क्षार ठीक. बाईंनी शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला गदागदा हलवलं. "बघितलंस? माझ्या बाबांचं पाणी आहे म्हटलं!"

उरली जंतूंची बाटली. तिच्यात आधीच पिवळं औषध असतं. पाणी भरून उबेच्या कपाटात ठेवायचं, काळं पडलं की समजायचं, घाणीतले जंतू आहेत. दुसऱ्या दिवशी बाईंनी कपाट उघडलं आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. बाटली डांबरासारखी काळी.

"अरे, नमुना घेतलास तरी कसा?"

नमुने गोळा करणारा डोकं खाजवायला लागला. "नळाला फडकं होतं, ताई. काढायला गेलो तर काका अंगावरच आले. म्हणाले, गाळलेलंच घे, पोरीच्या ऑफिसात घाण पाणी नेतोस काय?"

बाईंनी कपाळावर हात मारला. नळ उघडा करायचा, ज्योतीने त्याचं तोंड भाजायचं, पाणी थोडं वाहू द्यायचं, मग बाटली धरायची. आणि या पठ्ठ्यानं फडक्यातून पाणी भरलं! पण तेवढ्यात त्यांचे डोळे चमकले. दोष फडक्याचाच असला तर?

"चल रे, गाडी काढ!"

वडील नळापाशीच उभे होते. "फडकं काढायचं नाही," ते म्हणाले. "तुझ्या आईनं शिवलंय. रोज धुऊन बांधतो मी. तिच्या हातचं तेवढंच राहिलंय."

बाईंनी फडक्याचे टाके निरखून पाहिले. पण पाण्याच्या बाबतीत त्या सख्ख्या बापालाही सोडत नाहीत. "बाबा, दिवसभर ओलं लोंबतं ते, येणाऱ्याजाणाऱ्याचे हात लागतात. दोन बाटल्या भरते. एक फडक्यातून, एक उघड्या नळातून. उद्या तुम्हीच या आणि बघा."

दुसऱ्या दिवशी म्हातारा प्रयोगशाळेत हजर. कपाट उघडलं. एक बाटली काळीकुट्ट. आणि दुसरी? जशीच्या तशी पिवळी!

"पास! बाबा, पास!" बाईंनी अशी आरोळी ठोकली की साहेब धावत आले, कुणाच्या अंगावर ॲसिड सांडलं की काय म्हणून.

वडील मात्र काळ्या बाटलीकडेच बघत होते. बाईंचा आवाज खाली आला. "बाबा, ते फडकं मी घरी माझ्या कपाटात जपून ठेवू का?"

"सकाळीच सोडलं," म्हणत त्यांनी खिशातून त्याची घडी काढून लेकीच्या हातात ठेवली. "गल्लीतली लेकरं पितात ते पाणी. तुझी आई असती ना, तर मला न विचारताच चुलीत घातलं असतं तिनं." मग ते घुटमळले. "पोरी, त्या बाटलीचा एक फोटो काढून दे बरं का. घरोघरी दाखवायला लागेल. सगळ्यांच्या नळांना मीच फडकी बांधायला लावलीत, मागे लागून लागून."

बाईंनी पर्स उचलली.

"चल रे, गाडी काढ!"