कुणीच आलं नाही

आमच्या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये माझी साक्ष बरीच नावाजलेली आहे. भालकी म्हणू नका, कमलनगर म्हणू नका, राजेश्वरच्या अंगाची खेडी म्हणू नका, जिथे उपासना झाली तिथे मला उभं केलं गेलं आणि प्रभूने माझ्यासाठी काय केलं ते मी सांगितलं. चौदाव्या वर्षी मला टायफॉइड झाला. वडील साखर कारखान्याच्या हंगामावर, घरात आई एकटी. अकरा दिवस ताप हटेना, आईने गुडघे टेकले आणि बाराव्या दिवशी ताप उतरला. यातलं एक वाक्य आलं की बायका डोळ्यांना पदर लावत. "त्या अकरा दिवसांत आमच्या उंबऱ्याच्या आत कुणीच आलं नाही."

बाकी सगळं खरं आहे. ते एक वाक्य धडधडीत खोटं आहे.

अक्का येत होती. ती आमच्या मागच्या गल्लीतली, कन्नड बोलणाऱ्या शेतकरी घरातली सून, आईहून थोडी मोठी. सगळा गाव तिला अक्का म्हणायचा, म्हणून आम्हीही. आईला रोजंदारी चुकवून चालत नव्हतं. आई शेतात गेली की अक्का मागच्या दाराने आत यायची. येताना स्वतःच्या पाण्याचा तांब्या घेऊन यायची, कारण ख्रिस्ती झालो तरी आम्ही कोण ते गाव विसरलं नव्हतं आणि आमच्या घरचं पाणी पिणं तिला मना होतं. पण त्याच हातांनी ती माझ्या घामाची फडकी पिळायची, माझी ओकारी पुसायची, ज्वारीची आंबील चमच्याचमच्याने पाजायची. घरी गेल्यावर सासूच्या देखत आंघोळ करायची आणि दुपारी पुन्हा यायची. सातव्या दिवशी मला जीपमध्ये घालून भालकीच्या दवाखान्यात नेऊन आणलं तेव्हा माझं डोकं तिच्याच मांडीवर होतं. आईने प्रार्थना केली हे खरं, आणि देवाने ती ऐकली असं मी आजही मानते. फक्त ऐकून त्याने जिला पाठवलं तिलाच मी साक्षीतून काढून टाकलं.

हे झालं एकोणिसाव्या वर्षी, बीदरच्या तरुणांच्या शिबिरात. माझ्या आधी एकाने दारू सुटल्याची साक्ष दिली. दुसऱ्याला साप चावला होता. माझ्याकडे काय, तर टायफॉइड! तो कुणाला होत नाही? उभी राहिले आणि ते वाक्य तोंडून कसं निघालं मला कळलंच नाही, असं लिहिणार होते. पण मला चांगलं कळलं होतं. मला त्या लोकांना रडवायचं होतं. ते रडले, आणि "हालेलुया" असा जो आवाज उठला त्याची गोडी मला लागली.

आमच्याकडे मंडळी अर्धी मराठी, अर्धी कन्नड. म्हणून बोलणाऱ्याच्या शेजारी दुभाषी उभा राहतो. माझे दुभाषी म्हणजे एक निवृत्त गुरुजी. माझी साक्ष त्यांना माझ्याइतकीच पाठ झाली. ते वाक्य आलं की ते डोळे मिटून म्हणत, "यारू बरलिल्ला." म्हणजे कुणीच आलं नाही. कन्नडमध्ये ते मराठीपेक्षाही करुण वाटायचं. मला दोन्ही भाषा येतात, त्यामुळे मी ते खोटं दरवेळी दोनदा ऐकत होते.

आईने ते पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी घरी येऊन भाकऱ्या थापता थापता विचारलं, "कामून तसं बोललीस गं? अक्का यायली व्हती की."

"आई, सभेत तसंच बोलावं लागतं," मी म्हटलं.

त्यानंतर माझी साक्ष असली की तिचे गुडघे दुखायचे. एरवीच्या रविवारी तेच गुडघे तिला चर्चपर्यंत नीट आणायचे. मला हे कळत होतं, आणि कळूनही मी तिला मलम आणून देत होते.

माझी विश्वासात चांगली वाढ होत आहे, असं आमचे पाळक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं. मी शाळेत शिक्षिका झाले, रविवारी मुलांचा शास्त्राचा वर्ग घेऊ लागले, उपास करू लागले, मंडळीच्या कमिटीत बसू लागले. दहा आज्ञा शिकवताना मात्र नववी आली की जीभ जड व्हायची. ती नेमकी शेजाऱ्याबद्दल खोटं न बोलण्याची. आठवीवर मी अर्धा तास बोलायचे आणि नववीवरून न थांबता दहावीला जायचे. वाढत होती ती माझी साक्ष. तिच्यात पुढे दार लावून घेणाऱ्या शेजारणीही आल्या.

मग एका सुगीच्या उपासनेला अक्का आली. पिकातला पहिला वाटा अर्पण करायचा तो दिवस. त्या दिवशी जेवणाचं आमंत्रण सगळ्या गावाला असतं. अक्का मागे, खांबाजवळ, डोक्यावर पदर घेऊन बसली होती आणि मला बघून हसली. मी माईकसमोर होते. ते वाक्य गाळता आलं असतं. नुसतं गाळलं असतं तरी चाललं असतं. पण लोक त्याचीच वाट बघत होते, आणि मी ते म्हटलं. गुरुजींनी डोळे मिटून ते तिच्या घरच्या भाषेतही सांगितलं. अक्काने मान खाली घातली आणि सतरंजीची सुटलेली दशी बोटाला गुंडाळत बसली. जेवताना ती आमच्या पंगतीत बसली, आमचंच पाणी प्यायली आणि जाताना मला म्हणाली, "लई छान बोललीस गं. किती माणसं ऐकायली व्हती!"

तिने भांडायला हवं होतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मी तिच्या पाया पडून मोकळी झाले असते. तिने कौतुक केलं, आणि त्या कौतुकाची लाज मला आजतागायत पुरून उरली आहे. मी साक्ष देणं कमी केलं. घसा बसला, परीक्षांचे पेपर तपासायचे आहेत, असं काहीबाही सांगू लागले. म्हणजे एक खोटं झाकायला दुसरी बारीकसारीक. अशी कितीतरी वर्षं गेली. अक्का रस्त्यात भेटली की मी तिच्या तब्येतीची वाजवीपेक्षा जास्त चौकशी करायचे.

गेल्या वर्षी अक्का घराबाहेर पडेनाशी झाली, तेव्हा मात्र मला भीती वाटली. ती आहे तोवर हे फेडलं नाही तर मग कुणापुढे फेडणार? सुगीची उपासना जवळ आली होती. मी स्वतःहून पाळकांना सांगितलं की मला साक्ष द्यायची आहे. आईला म्हटलं, "या वेळी तू ये." अक्काला चालवत नव्हतं. तिने अर्पणाला पायलीभर ज्वारी देऊन सुनेला पाठवलं. सून आळंदकडची, मराठी कळते न कळतेशी. ती कन्नड बाजूला बसली.

मी उभी राहिले. टायफॉइड सांगितला, अकरा दिवस सांगितले, आणि मग मराठीत म्हटलं, "त्या दिवसांत आमच्या घरी अक्का रोज येत होती. इतकी वर्षं मी तुम्हाला खोटं सांगितलं."

शेजारी गुरुजींनी डोळे मिटले आणि सवयीने म्हणाले, "यारू बरलिल्ला."

कन्नड बाजूने जोरात "हालेलुया" आलं. मराठी बाजू गप्प झाली. गुरुजींना आता कमी ऐकू येतं, त्यांचा काही दोष नाही. मी त्यांच्या हाताला हात लावून थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. आपलं बोलून झालं, असं मनात म्हणत जागेवर येऊन बसले. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. अर्ध्या मंडळीत माझी अब्रू अजून शाबूत होती.

आई शेजारी बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अर्ध्यांलाच सांगितलीस की."

गाणं सुरू झालं होतं. ते संपेपर्यंत मी बसून राहिले. मग उठले, माईकपाशी गेले आणि दुभाष्याशिवाय कन्नडमध्ये म्हटलं, "अक्का दिना बर्तिद्रु." अक्का रोज येत होती. मी खोटं बोलले, हेही म्हटलं. कुणी हालेलुया म्हणालं नाही. गुरुजी चष्मा काढून पुसत राहिले.

बाहेर चपला घालताना अक्काची सून जवळ आली. गोंधळली होती बिचारी. सासूला ती अत्ती म्हणते. कन्नडमध्येच विचारू लागली, "टीचर, कुठली अक्का? आमच्या अत्ती?"

"व्हय."

"पण अत्ती तर म्हणतेत, त्या कधी तुमच्या घरला गेल्याच न्हाईत. गल्लीतल्या बायका अत्तींला म्हणायल्या की, तुम्ही त्यांच्या घरला जात व्हता. तर अत्ती त्यांच्यावरच चिडल्या. मी कुठं गेलते, कायबी बोलू नका म्हणल्या."

मी तिच्याबरोबरच निघाले. आमच्या आधीच कुणीतरी जाऊन अक्काला सांगितलं होतं. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मी खाली बसले, तिचे पाय धरले आणि विचारलं, "अक्का, न्हाई कामून म्हणलीस?"

"तू एवढ्या माणसांत न्हाई म्हणायलीस," ती म्हणाली. "मग मी व्हय म्हणून तुला खोटी पाडू? लेकरू हाईस तू."

मी माईकवर खोटं बोलले आणि त्याबद्दल मला मान मिळाला. तिने माझं तेच खोटं स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांपुढे इतकी वर्षं सांभाळलं, आणि त्यासाठी तिला कुणी काही दिलं नाही. दारात सून उभी होती. अक्काने तिच्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली.

"आता सुनेपुढं मीच खोटी पडले की गं," ती म्हणाली.