एकवीस दिवसांचा चुना

दुपारचे तीन. रेवा पिता पिताच झोपली आहे, आणि तिला अलगद बाजूला ठेवण्याइतकंही त्राण माझ्यात नाही. डोळा लागतो. पाणी प्यायला म्हणून मी उठते, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडते, आणि पाय थेट बारवेच्या पायरीवर पडतो.

"पुढं सरका, पुढं सरका! आत जागा आहे!"

गुंफाताई. एसटीत कंडक्टर होत्या. निवृत्त झाल्यावर गावची ही जुनी पायऱ्यांची विहीर वाचवायला आम्हा पंधरा जणांना दर रविवारी त्याच आवाजात हाकायच्या. रेवा जन्मली त्याच आठवड्यात गेल्या. बाळंतीण म्हणून मला शेवटचं बघायलाही नेलं नाही.

"अनवाणी काय फिरतेस गं, ओली बाळंतीण तू?"

"कशा आहात, ताई?"

"मेलेली आहे. दुसरं काय."

मला हसू येतं, मग रडू. आम्ही उतरतो. तळाशी पाणी नाही, दवाखान्याची खाट आहे. कोनाड्यात सलाईन टांगलेलं. ताई खाटेवर पडतात आणि शेवटच्या भेटीत विचारलं होतं तेच विचारतात.

"दगडांचे सांधे कशानं भरले?"

तेव्हा मी म्हणाले होते, चुन्यानं. पण चुना एकवीस दिवस गोणपाटाखाली ओला ठेवावा लागतो. बाकीचे सुगीत अडकलेले, मला नववा लागलेला. रोज पायऱ्या उतरवेनात. गवंडी म्हणाला, सिमेंट मारू, एका दिवसाचं काम. मी हो म्हणाले.

"सिमेंटनं, ताई."

त्या कोपरावर रेलून उठतात.

"म्हणजे चुना भिंतीला नाही, मला लावलास."

"बऱ्या झाल्यावर सांगणार होते."

"झालेच नाही ना मी."

"झरा बंद झाला, ताई. दगडांतून पाझरायचं ते सगळं..."

"मग खरवड की! बसलीस काय?"

मी भिंतीला नखं लावते. काही निघत नाही. वळून बघते तर खाट रिकामी.

"ताई, थांबा! माफ केलं एवढं तरी म्हणा."

वरून गाडी सोडायची डबल बेल ऐकू येते.

जाग येते तेव्हा रेवा शांत झोपलेली आहे. माझी दोन नखं मुळापासून तुटली आहेत, त्यांच्यात राखाडी भुकटी. पलंगालगतच्या भिंतीवर बोटभर रंग गेलाय. खालचं सिमेंट जसंच्या तसं आहे.