ऐंशी भरल्यावर

मोहाडीकडच्या आमच्या मिशन दवाखान्यातल्या सिस्टर मूळच्या केरळच्या, पण बोलणं पक्कं इकडचं. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांच्याच हातची. बोलताना त्या सहज समोरच्याचं मनगट धरायच्या आणि नाडी पाहूनच सोडायच्या. वय झालं म्हणून त्यांना बाळंतपणाच्या कामातून मोकळं केलं, तरी रोज सकाळी त्या बाहेरच्या बाकावर येऊन बसत.

त्या दिवशी माझ्या जावेला बाळंतपणासाठी आत नेलं होतं. बाकासमोरच्या टीव्हीवर रोमची बातमी चालू होती. नवा पोप निवडायला लाल झग्यातले कार्डिनल एका रांगेत आत निघाले होते; काही म्हातारे कार्डिनल मात्र बाहेरच थांबले होते.

"सिस्टर, बाकीचे म्हातारे बाहेर काहून राहिले?" मी विचारलं.

"पोपची जागा रिकामी व्हायच्या आधी ज्यायचे ऐंशी भरले, त्यायले मत नाही."

"मंग त्यायच्यातला कोणी पोपही होऊ शकत नाही?"

"होऊ शकते ना. निवडून येता येते, निवडता येत नाही." माझं मनगट अजून त्यांच्याच हातात होतं. "आतल्यायसाठी सारी दुनिया प्रार्थना करून राहिली. मी बाहेरच्यायसाठी करून राहिली."

तेवढ्यात आतून बाळाचं रडणं आलं. सिस्टर ताडकन उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. नर्सनं बाळ आणून माझ्याकडे दिलं. मी ते त्यांच्यापुढे धरलं. त्यांचे हात पुढे आले, पण बाळाला न घेताच मागे गेले. त्यांनी फक्त वाकून त्याच्या ओल्या टाळूचा वास घेतला, आणि कितीतरी वेळ मान वर केली नाही.