हिरा सावलीत बघायचा असतो

माझ्या नाकात आहे ती चमकी खऱ्या हिऱ्याची आहे. हे मला तोंडानं सांगावं लागतं, कारण बघून कुणाला कळत नाही. चिंचणीची माझी थोरली बहीण तर पहिल्यांदा बघून म्हणाली, ‘गो बाय, आदीची खोटी होती ती बरी चमकायची.’ आणि हा हिरा निवडला कुणी? तर ज्या माणसानं तारापूरच्या एमआयडीसीत अख्खी नोकरी दुसऱ्यांच्या मालात खोट काढण्यात घालवली, त्या माणसानं. म्हणजे आमच्या ह्यांनी.

हे मूळचे सांगलीकडचे. नोकरीसाठी बोईसरला आले आणि इथलेच झाले, पण मासा अजून काट्याला घाबरत घाबरत खातात. कंपनीत ते क्वालिटीला होते. व्हॉल्व्हचे लोखंडी भाग तयार होऊन यायचे, हे ते मापायचे, डोळ्याजवळ धरून फिरवून बघायचे, आणि पास झाला तर हिरवा ठिपका, नापास झाला तर लाल. घरी रंगाची डबी नव्हती एवढंच, बाकी सगळं तसंच. पोळीची कड जाड, साडीचा फॉल तिरका, भिंतीवरचं कॅलेंडर एका बाजूला झुकलेलं. मला बघायला आले होते तेव्हाही डोळे बारीक करून असंच बघत बसले होते. माझी आई चिंचणीच्या बाजारात मासळी विकायची. ती पाहुणे गेल्यावर म्हणाली, ‘हा पोरगी बगाया आलेला का पापलेट घ्याया?’

कंपनीतली त्यांची एक गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली आहे की मला ती झोपेतही म्हणता येईल. एकदा सलग दोन दिवस एकही भाग नापास झाला नाही. सगळे खूश. मॅनेजर पेढे मागवायच्या बेतात. ह्यांनी मात्र काम थांबवलं आणि ज्यानं माप घ्यायचं ते गेजच तपासायला पाठवलं. ते झिजलेलं निघालं. तेव्हापासून ह्यांचा नियम: सगळाच माल चांगला दिसायला लागला की माल बघायचा नाही, आधी गेज बघायचं. हे सांगून झालं की ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, जणू मी आत्ता टाळ्या वाजवणार आहे.

तर हे रिटायर झाले आणि त्यांनी जाहीर केलं की माझ्या नाकातला खोटा खडा काढून तिथे खरा हिरा घालायचा. खरं सांगते, मी हरखून गेले. लग्नात चमकी मिळाली होती ती खोट्या खड्याची, आणि ‘पुढे बघू’ म्हणता म्हणता केस पांढरे झाले. आयुष्यात एक हिरा मिळणार होता, तोही मुगाच्या दाण्यापेक्षा लहान. पण माझ्यासाठी तो हिराच होता.

मला वाटलं, दुकानात जाऊ, आवडेल तो घेऊ. कपाळ माझं! दोन महिने अभ्यास चालला. मोबाइलवर व्हिडिओ, वहीत आकृत्या. मग एके दिवशी स्वयंपाकघरातल्या वाट्या टेबलावर मांडून माझी शिकवणी घेतली. म्हणाले, रंग बघू नकोस, वजन बघू नकोस, हिऱ्याचा जीव त्याच्या कटात असतो. उजेड वरून आत जातो, खालच्या उतारांवर आपटतो आणि वरच परत येतो, असं पैलू पाडणाऱ्यानं साधायचं असतं. वजन वाचवायला हिऱ्याचं पोट, म्हणजे खालचा भाग, खोल ठेवलं की उजेड आतल्या आत हरवतो आणि मधोमध काळा खड्डा दिसतो. पोट उथळ ठेवलं की खालून गळतो आणि आत माशाच्या डोळ्यासारखी राखाडी कडी दिसते.

‘माशाच्या डोळ्याचं मला नका शिकवू,’ मी म्हटलं.

‘ऐक गं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुकानातल्या दिव्याखाली बघायचंच नाही. त्या दिव्यांखाली बाटलीची काचसुद्धा चमकते. हिरा हाताच्या सावलीत धरायचा. सावलीत जो जिवंत राहिला तो खरा कट.’

हे मला पटलं. बोलतात खूप, पण बोलतात ते बरोबर असतं, ही ह्यांची जुनी खोड आहे.

आता दुसरी गोष्ट. गेली दोन वर्षं ह्यांच्या मते पेपरची छपाई बिघडली होती. औषधाच्या पाकिटावर कंपन्या मुद्दाम बारीक अक्षरं छापत होत्या. वाणगावहून परत येताना चुकीच्या एसटीत बसलो तर पाटी मळकी होती. दोष सगळ्यांत होता, फक्त ह्यांच्या डोळ्यांत नव्हता. मी डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की घरात अबोला. कारण मला ठाऊक होतं. ह्यांच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गावाकडे झालं होतं, फार जुनी गोष्ट, आणि तो डोळा कायमचा गेला. म्हातारा पुढे हातानं भिंत चाचपत फिरायचा. ते ह्यांनी लहानपणी बघितलं होतं. त्यामुळे मी ओरडायचे कमी आणि धुमसायचे जास्त.

बोईसरचे तीन सराफ ह्यांनी आधीच नापास केले होते. एकानं दिवे बंद करायला नकार दिला, एकानं चहा दिला म्हणजे नक्की काहीतरी लपवतोय, आणि तिसऱ्याचं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. मग पालघरला गेलो, स्टेशनजवळच्या एका दुकानात. दुकानदार चाळिशीचा, शांत माणूस. ह्यांनी बसल्या बसल्या कट, कोन, खोली असं सगळं सुरू केलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘काका, एवढ्या लहान हिऱ्याच्या कटाचं प्रमाणपत्रावर लिहून येत नाही. डोळ्यांनीच बघायचं.’

‘डोळ्यांनीच बघायला आलोय,’ हे म्हणाले.

त्यानं कागदाच्या दोन पुड्या उघडल्या आणि दोन हिरे पांढऱ्या कापडावर ठेवले. एकाच आकाराचे, दिव्याखाली दोन्ही सारखेच लखलखणारे. ह्यांनी मला सांगितलं, ‘सावलीत धर.’ मी दोन्ही तळहातावर घेतले, वर दुसऱ्या हाताची सावली केली आणि वाकून बघितलं. देवा, काय सांगू! वाट्या मांडून शिकवलं होतं अगदी तसं. डावीकडचा सावलीतही लुकलुकत होता, हात हलला की त्याच्यात काहीतरी पळायचं. उजवीकडचा विझला. मधोमध काळा खड्डा, सुईनं टोचल्यासारखा. इतका आनंद झाला मला! दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, ‘आण इकडे, सावलीत काय दिसतंय?’

स्वतःच शिकवलं सावलीत बघ म्हणून, आणि स्वतः हिरा सावलीत धरला की दोन सेकंदांत परत दिव्याखाली. तीनदा तसंच झालं. मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि चिमट्यानं डावीकडचा, तो चांगला, उचलला. उचलताना तो निसटला. टप्‌कन कापडावर पडला. मी बघितलं, दुकानदारानं बघितलं. ह्यांनी रिकामा चिमटा दिव्याखाली धरला, भिंगातून नीट बघितलं, हळूहळू फिरवला आणि म्हणाले, ‘हं. कट चांगला आहे. पण आतली आग कमी.’

मी पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडे न बघता त्यांच्या डोळ्यात बघितलं. दिव्याचा झोत सरळ बाहुलीवर पडला होता आणि बाहुली दुधाळ दिसत होती. मी मासळीवालीची मुलगी. असा डोळा असलेला मासा आई पाटीत ठेवायची नाही. मनात ते आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

पडलेला हिरा दुकानदारानं हळूच बाजूला केला आणि दुसरा ह्यांच्या चिमट्यात नीट बसवून दिला. तो दिव्याखाली धरताच हे खुर्चीत ताठ झाले. ‘हा बघ! काय उजेड फेकतोय! चारी बाजूंना किरणं. ह्याला म्हणतात कट!’ ती किरणं हिऱ्यातून येत नव्हती, ती त्यांच्या डोळ्यातच फुटत होती. हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. त्या क्षणी मला एवढंच कळलं की माझा एकुलता एक हिरा मधोमध काळ्या खड्ड्याचा असणार आहे.

संताप आला मला. अहो, दोन वर्षं सांगतेय, डोळे दाखवा! पण दुकानात परक्या माणसासमोर, ज्याला आत्ताच तासभर कट शिकवला त्याच्यासमोर, मी ह्यांना काय म्हणणार होते? तुमचा चिमटा रिकामा होता म्हणून? दुकानदार माझ्याकडे वळून म्हणाला, ‘काकी, तुम्हाला कुठला?’ त्याला सगळं कळलं होतं.

‘ह्यांनी पास केलाय तोच द्या,’ मी म्हटलं.

मी काही सती-सावित्री नाही. मनात ठरवलं होतं की पुढच्या आठवड्यात एकटी येऊन बदलून नेईन. पैसे देऊन हे बाहेर चपला शोधत होते, तेव्हा दुकानदारही हळूच म्हणाला, ‘काकी, कधीही या. तो दुसरा ठेवून देतो.’ पण मी गेले नाही. हिरा बदलला आणि ह्यांना कळलंच नाही तर? ते मला बघवलं नसतं.

पुढचा महिनाभर घरात कौतुकाचा पाऊस. मी भाजी चिरतेय तर हे समोर येऊन बसणार, ‘काय फेकतोय गं उजेड!’ बहिणीला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘हिऱ्याचं जाऊं दे, त्याचे डोले आदी दाखव. तुज्यानं होत नाय तर मी येतंय.’ मी म्हटलं नको, तू आलीस तर तुमच्यातच भांडण व्हायचं.

मग एकदा दिवेलागणीला आम्ही गॅलरीत चहा घेत होतो. समोर कंपनीच्या गेटवरचा दिवा लागला. हे म्हणाले, ‘बघ, तो पण तुझ्या हिऱ्यासारखा फुललाय.’ खालून स्कूटर गेली, तिचाही दिवा फुलला. तुळशीपुढची पणतीसुद्धा किरणं फेकत होती म्हणे. एवढे दिवस मी गप्प होते, पण तोंडाला आलं ते थांबलं नाही. मी म्हटलं, ‘म्हणजे सध्या सगळाच माल चांगला येतोय म्हणायचा.’

त्यांनी कप खाली ठेवला. बराच वेळ गेटवरच्या दिव्याकडे बघत राहिले. एकदा एक डोळा झाकला, एकदा दुसरा. मला वाटलं, आता उठून जातील आणि आठवडाभर बोलणार नाहीत. ते उठले नाहीत. थंड झालेला चहा पिऊन टाकला आणि म्हणाले, ‘उद्या गेज दाखवून येऊ.’

डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकलेत, आधी उजवा डोळा करू. आत नेलं तेव्हा ह्यांनी माझा हात असा धरला होता की बांगडी रुतली. मी बाहेर बाकावर बसून सगळे देव आळवले, वर ह्यांच्या वडिलांनाही सांगितलं की तुमच्या मुलाकडे बघा. अर्ध्या तासात झालं. निघताना डॉक्टरांनी सूचना दिल्या: महिनाभर डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही. ह्यांनी त्या दोनदा म्हणून दाखवल्या, जसं काही डॉक्टरचीच परीक्षा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. घरी येईपर्यंत काळा चष्मा होता. खुर्चीत बसून त्यांनी तो काढला. आधी भिंतीकडे बघितलं, ‘केवढी पांढरी आहे गं,’ म्हणाले. मग कॅलेंडर तिरकं आहे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. दोन वर्षांनी मला कुणी एवढं नीट बघत होतं. सुरकुत्या मोजतायत की काय म्हणून मी जरा मागे सरकले. त्यांनी मला खिडकीपासून बाजूला, उजेडाआड घेतलं, माझ्या नाकावर हाताची सावली केली आणि वाकून बघितलं.

‘हा कोणी पास केला?’

खोटं तयार ठेवलं होतं मी. जडवताना दुकानदारानं बदलला, असं सांगणार होते. पण तो बिचारा शांत माणूस डोळ्यांसमोर आला, आणि जमलं नाही.

‘तुम्ही,’ मी म्हटलं.

‘तुला तेव्हा दिसत होतं?’

‘दिसत होतं. सावलीत धरला होता. तुम्हीच शिकवलंत ना.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘अहो, तुमचा चिमटा रिकामा होता. हिरा कापडावर पडला होता. आणि तुम्ही म्हणालात, कट चांगला आहे.’

ते तसेच माझ्या नाकावर हात धरून उभे राहिले. रागावतील असं वाटलं, पण रागावले नाहीत. नुकता कापलेला तो डोळा हळूहळू भरून आला आणि मी घाबरून ओरडले, ‘अहो, पाणी! डॉक्टरांनी काय सांगितलंय? डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही!’

‘बाहेरचं पाणी,’ हे म्हणाले. ‘बाहेरचं जाऊ द्यायचं नाही, असं सांगितलंय.’