प्रात्यक्षिक पाहिले

"मेलास."

बोर्डासमोर पक्कड घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर मागून दोन बोटं ठेवायची आणि एवढंच म्हणायचं, ही मास्तरांची पद्धत. आवाज अजिबात चढवायचे नाहीत. कोल्हापुरात हळू बोललेलं माणसाला जास्त लागतं.

जिल्ह्यातल्या निम्म्या वायरमनांना मास्तरांनी असं एकदा तरी मारलेलं आहे. तुमच्या घरचा पंखा ज्याने बसवला, तोही बहुधा त्यातलाच.

आमची संघटना परवानाधारक वायरमनांची. उद्यमनगरातल्या कार्यालयाचं कामकाज मी पाहते. संघटनेचं सुरक्षा कार्ड असलं की कारखाने माणसाला कामावर घेतात. ते दर तीन वर्षांनी नवं करायचं, आणि त्याआधी आमच्या हॉलमधल्या सरावाच्या बोर्डावर मास्तरांसमोर प्रात्यक्षिक द्यायचं. सप्लाय बंद करायचा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घालायचा, टेस्टर लावून बघायचं, तार अर्थ करायची म्हणजे जमिनीला जोडायची, मगच हात. आणि मधेच मास्तर बोर्डामागून गुपचूप दुसरीकडून सप्लाय सोडायचे. खऱ्या कामावर शेजारच्या जनरेटरमधून उलटा येतो ना, तसा. इथे तो बॅटरीवरचा, निरुपद्रवी. अर्थिंग विसरलेल्याने तार धरली की लाल दिवा लागायचा.

"पण मास्तर, फ्यूज काढलाय की!"

"काढलास. आणि मेलास. पुढचा या."

हे सगळं ऑनलाइन करायचं मी ठरवलं. मीच, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. चंदगडचा माणूस कामाचा दिवस मोडून तासाभराच्या परीक्षेला यायचा, हॉलमध्ये रांग लागायची, रजिस्टरं हरवायची. मोबाइलवर बारा धडे, शेवटी प्रश्न, पास झालं की कार्ड आपोआप तयार. पुण्याच्या एका कंपनीने प्रणाली बसवून दिली आणि धड्यांसाठी मास्तरांचंच चित्रीकरण करायचं ठरलं.

मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि कॅमेऱ्यासमोर पंधरा मिनिटं गप्प उभे राहिले.

"बोला की मास्तर," मी म्हटलं.

"समोर माणूस न्हाय, बाई. मारू कुणाला?"

शेवटी धडे दुसऱ्यानेच बोलले. चांगले बोलले. पहिल्याच महिन्यात माझ्या पडद्यावर पास झालेल्यांची हिरवी रांग लागली आणि मी खूश झाले. एका दुपारी मास्तर माझ्या शेजारी येऊन बसले, चष्मा पुसून पडदा वाचू लागले. कागलकडच्या नऊ जणांवर त्यांचं बोट थांबलं. नऊही जण एकाच दुपारी पास, नऊही जणांना पैकीच्या पैकी, आणि नऊही परीक्षा एकाच मोबाइलवरून.

"हे नऊ जण आत्ता कुठं कामाला हायत?"

"पंचतारांकित एमआयडीसीत. वेगवेगळ्या कारखान्यांत."

मास्तरांचा चेहरा उतरला. मी त्यांना तोवर कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. मग ते म्हणाले, "मी रोज भितो, बाई. भितो म्हणून जिता हाय. माझा जोडीदार भीत नव्हता. मी चहाला गेलतो. फ्यूज त्यानं भिंतीवर ठेवलेला. कुणीतरी आला आणि लाइट न्हाय म्हणून लावला."

मी गाडीची किल्ली घेतली.

पहिलं घर कागलच्या अलीकडेच होतं. नवरा नुकताच पाळीवरून आलेला, बायको शेंगा फोडत बसलेली. मास्तरांनी त्याला उंबऱ्यातच धरलं. "फ्यूज काढलास की कुठं ठेवतोस?"

तो माझ्याकडे बघायला लागला.

"खिशात!" बायको आतून म्हणाली. "आणि टेस्टर आधी चालू लाइनवर लावून बघायचा, त्योच बिघडलाय का ते कळाय. मला विचारा की. परीक्षा मीच दिलीया. ह्यांची बी, आणि ह्यांच्या दोस्तांची बी."

"मग लाइटच्या डांबावर तुम्हीच चढा, वहिनी."

ती हसली. मास्तर हसले नाहीत. तिच्यासमोर खाली बसले आणि म्हणाले, "हे बघा, तुम्हाला सगळं येतंय, ह्याला न्हाय. उद्यापासनं डबा देताना रोज विचारायचं. बरोबर सांगितलं तरच डबा."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती नवऱ्याकडे बघत राहिली, आणि त्या बघण्यात जे होतं ते मास्तरांच्या चेहऱ्यावर मी तासाभरापूर्वीच पाहिलं होतं.

उरलेले आठ जण आम्ही दोन दिवसांत गाठले. सगळे जिवंत होते. दोघांना अर्थिंग म्हणजे काय ते नीट सांगता आलं नाही.

मी कंपनीला सांगून प्रणालीत एक चौकोन वाढवून घेतला. परीक्षेत कितीही गुण असोत, 'प्रात्यक्षिक पाहिले' या चौकोनात टिक झाल्याशिवाय कार्ड निघायचं नाही. आणि टिक फक्त मास्तरांच्या पासवर्डने. कार्यकारिणीत आरडाओरडा झाला.

"मास्तर, जग पुढं गेलंय!" अध्यक्ष म्हणाले.

"जाऊ दे की. डांब तिथंच हाय."

त्यानंतर मास्तर स्कूटरवरून गावोगाव फिरले. बिद्रीच्या माणसाला बिद्रीत गाठायचे, आजऱ्याच्याला आजऱ्यात. बोर्डाची छोटी प्रत पुढे पायाशी बांधलेली असायची. टिक करताना एका बोटाने करायचे आणि केल्यावर थोडा वेळ पडद्याकडे बघत बसायचे, चूक झाली तर परत घेता येते का, असं काहीतरी मनात असल्यासारखे.

दिवाळीच्या आधी मास्तर गेले. घरी, खाटेवर, दुपारच्या झोपेत. ज्या मरणाला ते जन्मभर भ्याले ते त्यांच्या वाटेला आलं नाही, एवढंच चांगलं झालं म्हणायचं.

त्यांच्या जागी यायला कुणी तयार नाही. जबाबदारी घ्यायची म्हटलं की सगळ्यांना कामं निघतात. कुणी मिळेपर्यंत पासवर्ड माझ्याकडे आहे. प्रणालीत एकतीस जणं थांबलेली. अध्यक्ष रोज केबिनच्या दारात उभे राहतात. "बाई, नुसती टिक करायची हाय. करंट तुम्हाला लागणार हाय का?"

मला प्रश्नांची सगळी उत्तरं पाठ आहेत. त्या कागलच्या बाईलाही होती.

तीस जणांना मी थांबवून ठेवलं आहे. एकाला नाही ठेवू शकले. गडहिंग्लजकडचा, शांत स्वभावाचा माणूस. सहा महिने घरी बसलेला, कारखान्यात जागा निघालेली, सोमवारपर्यंत कार्ड हवं होतं. बोर्डावर त्याने सगळं बरोबर केलं. निदान मला बरोबर वाटलं. मी टिक केली.

आता रोज संध्याकाळी साडेसहाला मी त्याला फोन लावते.

"पोचलास का घरी?"

"व्हय बाई. का हो? काय कागद राहिलाय का?"

"नाही, असंच." मी ठेवून देते. संघटनेचा हा काहीतरी नवा नियम असावा अशी त्याची समजूत झाली आहे. ती मी मोडलेली नाही.

काल त्याने दोनदा फोन उचलला नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा पलीकडून आवाज आला, "जेवतोय की, बाई."

बरं म्हटलं आणि खुर्चीत बसले. तेव्हा कळलं, पहिला फोन लावल्यापासून मी उभीच होते.