तीनशे वीस किलोची शेळी

धाकटी बहीण पुण्याहून पंधरा दिवस बोरीला राहायला आली होती. ती प्रोग्रामर. मी शेळ्या पाळणारा, चाळिशी ओलांडलेला. शेळ्यांची वजनं कॉम्प्युटरवर ठेवायची हौस मला आली आणि तिने मला सी प्लस प्लस ही कॉम्प्युटरची भाषा शिकवायला घेतली.

माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये शेळीचं वजन उघडंच होतं. कुठूनही, कसंही बदला. मी बत्तीसच्या जागी तीनशे वीस टाकलं, तेही त्याने मुकाट्याने घेतलं.

मागे उभे असलेले वडील म्हणाले, "ही शेळी हाय का म्हैस?"

बहीण हसली. "दादा, वजन आत झाकून ठेव. ते सांगायला एक फंक्शन, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, बदलायला दुसरं. बदलणारं आधी आकडा तपासंल, मगच आत घेईल."

एका आकड्यासाठी दोन फंक्शन! मी कुरकुरलो, पण लिहिली. आता तीनशे वीस टाकलं की नकार यायचा. वडलांनी मुद्दाम उणे पाच टाकून बघितलं. तेही परत आलं.

"लय हुशार हाय," ते म्हणाले. प्रोग्रामबद्दल. माझ्याबद्दल नाही.

दुसऱ्या दिवशी बहिणीने तोच प्रोग्राम दहा कोटी वेळा फिरवायला लावला. मशीन रेंगाळायला लागलं.

"काय करायलास दादा? प्रत्येक शेळीसाठी मेमरीत नवी जागा मागितलीस. परत कुणी द्यायची?"

"काम झाल्यावर ते आपोआप देत नाही?"

"ह्या भाषेत न्हाई. मागितलीस तू, सोडायची तूच."

मला शरम वाटली. मग मी नको इतका काळजीवाहू झालो. वजन वाचून झाल्यावर जागा सोडली, आणि शेवटी खबरदारी म्हणून तीच पुन्हा सोडली. प्रोग्राम धाडकन बंद पडला. बहीण इतकी हसली की तिच्या हातातला चहा हिंदकळला.

"एकदाच, दादा! सोडलेली जागा आपली राहत न्हाई."

एक ओळ खोडली आणि दहा कोटी फेऱ्या सुरळीत पार पडल्या. मला झालेला आनंद मी लपवला नाही. सगळ्या शेळ्यांची वजनं त्याच दिवशी भरली.

जायच्या दिवशी बॅग भरता भरता ती म्हणाली, "आता दुसरी भाषा शिक. तिच्यात काम झालेली जागा भाषाच परत घेते."

"मग मला इतके दिवस कशाला राबवलंस?"

"तुझं तोंड बघायला लय मजा येत होती," ती म्हणाली.