मालक बाहेरगावी

अर्ज लिहिणारा माणूस खोटं लिहितो, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. पक्षकार सांगतो ते आम्ही चांगल्या भाषेत कागदावर मांडतो, बस. खोटं त्याचं, अक्षर आमचं. औरंगाबादला कचेरीबाहेरच्या लिंबाखाली मी चाळीस वर्षं टेबल टाकून बसलो. उर्दूत लिहिलं, मराठीत लिहिलं, आणि कशाचंही ओझं घरी नेलं नाय. एक अर्ज मात्र असा, की त्यातलं खोटं माझं स्वतःचं होतं. तो गौहरभाभीच्या घराचा.

गौहरभाभी म्हणजे करीम कल्हईवाल्याची बायको. करीमभाई खांद्यावर भाता आणि पाठीला कथलाचं पोतं घेऊन खेडोपाडी फिरायचा. आमच्याकडं महालक्ष्म्यांच्या सणाला भांडी लखलखीत लागतात, म्हणून भादव्यात त्याचा फेरा आमच्या गावात ठरलेला. लहानपणी मी त्याच्या भात्याशी जाऊन बसायचो. तो भाता ओढू द्यायचा आणि वर बोलायचा, "हळू ओढ बद्री, आईची परात जाळशील." गावाचं नाव मी सांगत नाय. सांगून आता कुणाचं भलं होणार हाय?

अठ्ठेचाळीस साली फौज आली, निजाम शरण गेला, आणि पुढच्या आठ दिवसांत करीमभाई गेला. तो कसा गेला हे मला ठाऊक होतं. भाभीला नव्हतं. तिला एवढंच माहीत, की नवरा महालक्ष्म्यांचा फेरा करायला गेला आणि परत आला नाय.

दुसऱ्या साली मी शहरात आलो तो तिला सांगायलाच. खोटं नाय बोलत. तिचं घर कचेरीमागच्या गल्लीत होतं. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, मी अमक्या गावचा. ती एकदम उठली. "आमचे हे फिरतीवर आहेत," म्हणाली, "पण तुम्ही त्यांच्या गिऱ्हाइकाच्या गावचे. आत या." तिनं भाकर वाढली. राहायला जागा नाय म्हटल्यावर करीमभाईची सामानाची खोली झाडून दिली. भाकरीचा पहिला घास तोंडात गेला आणि सांगायचं ते तिथंच राहिलं. मग उद्या सांगू, परवा सांगू. असा माणूस मी.

त्या घराचा पहिला भाडेकरू मीच. मग माझ्याकडं तारखेला येणारे पक्षकार विचारायला लागले, पंत, दोन दिवस कुठं टेकावं? मी त्यांना भाभीकडं धाडायचो. वैजापूरची सारजाबाई जमिनीच्या दाव्यापायी तीन वर्षं येत राहिली, स्वतःची चूल वेगळी मांडायची, पण दुसरीकडं कधी गेली नाय. अजिंठ्याकडचे लोक यायचे, करमाडचे यायचे. दोन खोल्या, एक पडवी. भाभीचं पोट त्यावर चालायचं. मूलबाळ नव्हतं, दुसरा आधार नव्हता. ते घर गेलं असतं तर ती रस्त्यावर आली असती, हे सरळ होतं.

कुणी नवा मुसाफिर आला की विचारायचा, घरमालक कुठं हायेत? भाभी म्हणायची, "बाहेरगावी गेलेत. येतील." हातात काचेच्या बांगड्या, गळ्यात काळी पोत. असल्या बाईपुढं कुणी पुढचा प्रश्न विचारत नसतं. आमच्या मुलखात ही रीतच हाय. त्या साली पुष्कळ घरांतले मालक बाहेरगावी होते, हिंदूंचेही होते, मुसलमानांचेही होते. बाईच्या हातात बांगड्या असल्या की सगळ्यांनी मान डोलवायची आणि पाण्याचा तांब्या मागायचा.

बावन्न साली हुकूम निघाला. जो कुणी परक्या माणसांना दोन-चार दिवसांसाठी खोली देईल, त्यानं घराची कचेरीत नोंद करावी, दाखला दारावर लावावा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं नाव वहीत लिहावं. नोंद नसली तर खोल्या बंद. भाभी माझ्या टेबलाशी आली. मी म्हटलं, एवढंच ना? आत्ता लिहून देतो.

अर्जात एक रकाना होता. मालक हजर आहे की नाही, नसल्यास कारण. माझी लेखणी तिथं थांबली. भाभी समोर उभी होती, बांगड्या वाजत होत्या. मी लिहिलं, बाहेरगावी. रीत पाळली म्हणून मनाला समजावलं. रीत कसली डोंबलाची? भेकडपणा होता तो.

कचेरीत पेशकार तात्यासाहेब. माणूस वाईट नव्हता, पण डोळे बारीक करून कागद वाचायचा. म्हणाला, "बद्रीनाथ, बाहेरगावी म्हणजे कोणत्या गावी?"

"फिरतीवर असतो. कल्हईवाला हाय."

"कधीपासून?"

खोटं बोलायला मला त्याच वेळी जमलं नाय. म्हणालो, अठ्ठेचाळीसच्या भादव्यापासून.

तात्यासाहेबानं चष्मा काढला. "अरे, चार वर्षं कुणी फिरतीवर असतं का? त्या साली निघून गेलेले आणि परत न आलेले कुठं गेले ते सरकारला ठाऊक आहे. मला हा कागद पुढं पाठवावाच लागणार."

आणि त्यानं पाठवला. त्या काळी जे पाकिस्तानात निघून गेले त्यांची घरं सरकार ताब्यात घेत होतं. महिन्याभरात भाभीच्या नावानं नोटीस आली. घराचा मालक मुलूख सोडून गेला असल्याचं दिसतं. तो इथंच आहे किंवा मयत आहे, हे तीस दिवसांत शाबीत करावं. न केल्यास घर सरकारजमा.

भाभीला वाचता येत नव्हतं. मीच नोटीस वाचून दाखवली. ऐकून ती आधी हसली. "पाकिस्तान? हे? ज्यांना पैठणच्या पुढची वाट ठाऊक नाय ते?" मग हसू गेलं. "बद्रीभाई, तुम्ही असं काय लिहिलं होतं हो?"

"तुम्ही सांगता तेच लिहिलं, भाभी," मी म्हणालो. हेसुद्धा मी बोललो.

आता मार्ग एकच होता, करीमभाई मेला हे शपथेवर सांगणारा साक्षीदार. तरी मी स्वतः पुढं झालो नाय. कोर्टाच्या ओसरीवर सांडू नावाचा माणूस बसायचा, कशाचीही साक्ष द्यायचा. त्याला पढवला आणि भाभीकडं नेला. सांडू दारात बसला आणि पाठ केलेलं धडाधड बोलला. करीमभाई जालन्याच्या वाटेवर तापानं गेला, मी पाणी पाजलं, मीच खांदा दिला. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं लबाडानं.

भाभीनं सगळं ऐकून घेतलं. त्याला गूळ-पाणी दिलं. मग शांतपणे विचारलं, "बाबा, पाणी पाजलं तर त्यांचा हात बघितला असशील. उजवा अंगठा कसा होता?"

सांडू माझ्याकडं बघायला लागला. अंगठ्याचं मी त्याला सांगितलंच नव्हतं. कल्हईच्या तापल्या भांड्यावर फडकं फिरवून फिरवून करीमभाईचा अंगठा पार निबर झाला होता, नख वाकडं झालं होतं. सांडू म्हणाला, "चांगला होता की." भाभी म्हणाली, "जा बाबा. खुदा तुला बरकत देवो."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "खोटी साक्ष नको, भाई. घर जाऊ दे. ते मेले म्हणून मी लिहून दिलं आणि ते दारात येऊन उभे राहिले, तर मी काय तोंड दाखवू?"

तिचा विचार पक्का झाला होता. दुसऱ्या दिवशी तिनं भांडी पोत्यात भरायला घेतली. सारजाबाई तारखेला आली होती, ती मदतीला बसली आणि मला म्हणाली, "पंत, तुम्ही एवढे कागदवाले, काहीच नाय का हो करता येत?" भाभी फडताळातून एकेक भांडं काढत होती. सगळ्यांत शेवटी करीमभाईची थाळी काढली. तिला कल्हई ताजी होती. चार वर्षं ती दर भादव्यात दुसऱ्या कल्हईवाल्याकडून तेवढी थाळी करून आणायची, आल्याबरोबर त्यांना जेवायला लागेल म्हणून.

मी सारजाबाईला म्हटलं, जरा बाहेर बसा. आणि सांगितलं.

सांगितलं, की फौज येण्याआधी रझाकारांनी आमच्या गावचे बैल नेले होते, माझ्या बन्सीकाकाचा लेक मारला होता. ज्यांनी केलं ते पळून गेले. राग निघाला तो हाताशी सापडला त्याच्यावर. करीमभाई चावडीपुढं भाता लावून बसला होता. वाटा बंद झाल्या म्हणून अडकलेला, आमच्याच घरच्या रिकाम्या खोलीत उतरलेला. लोक आले तेव्हा त्यानं बन्सीकाकाला नावानं हाक मारली. बन्सीकाकानंच पहिला हात टाकला. मग विहीर. मी वीस वर्षांचा गडी, काठावर उभा होतो. अडवलं नाय, ओरडलो नाय. लोक गेल्यावर भाता उचलून कडब्याच्या गंजीत लपवला, एवढीच माझी मर्दुमकी.

भाभी भिंतीला टेकून बसली. मग तिनं विचारलं, "तेव्हा त्यांच्या हातात काय काम होतं?"

"आमच्या आईची परात."

"पुरी झाली होती?"

"अर्धी."

तिनं मान हलवली. रडली नाय. म्हणाली, "लिहा."

मी साक्ष दिली. माझ्याच अक्षरात लिहिली, माझ्याच गावची नावं घातली. तात्यासाहेबानं विचारलं, चार वर्षं गप्प का राहिलास? मी लिहिलं, भीतीपोटी. बन्सीकाका त्या आधीच वारला होता, त्याला काही झालं नाय. भावकीनं मला वाळीत टाकलं, आईच्या मातीलाही येऊ दिलं नाय. त्याचं मी रडगाणं गात नाय. ते कमीच झालं.

घर वाचलं. दाखला आला. 'गौहरबी, बेवा करीम. मुसाफिरांना खोल्या देण्यास परवानगी.' दाखला दारावर लावायचा नियम होता, तो मीच खिळ्यानं ठोकला. बेवा म्हणजे विधवा; त्यानंतर कुणी मुसाफिरानं मालक कुठं म्हणून विचारलं नाय. वाचता येणारा वाचायचा, न येणाऱ्याला दुसरा सांगायचा.

दाखला ठोकायला गेलो तेव्हा तिचे हात मोकळे होते, गळाही मोकळा होता. मला वाटलं, आता ती चार महिने दहा दिवस इद्दतीला बसेल. त्यांच्यात नवरा गेल्यावर बाई तेवढे दिवस घरात बसून शोक पाळते, परक्या पुरुषापुढं येत नाय. मी म्हणालो, "भाभी, तेवढे दिवस मुसाफिरांचं मी बघतो. वही मी लिहितो. तुम्ही आत बसा."

"काझीसाहेबांना विचारून आले," ती म्हणाली. "ते म्हणाले, इद्दत नवरा जातो त्या दिवसापासून मोजतात. बाईला कळतं त्या दिवसापासून नाय. माझी इद्दत एकोणपन्नासच्या जानेवारीतच संपली. आता बसायचं काही राहिलं नाय."

पडवीत करमाडचे दोघे नवे मुसाफिर येऊन उभे होते. भाभीनं नोंदीची वही माझ्यापुढं सरकवली.

"त्या चार महिन्यांत मी रोज त्यांची भाकर करून ठेवत होते," ती म्हणाली. "घर तुम्ही मिळवून दिलं, बद्रीभाई. तेवढे दिवस आता कोणत्या कचेरीतून आणून द्याल?"

मी खाली मान घालून त्या दोघांची नावं लिहिली.